शब्दक्रमाचे इमान आणि सुरतेचा एक मुद्रक

सुरत म्हटली की मराठी वाचकास १६६४ ची स्वारी आठवते. व्याकरणाच्या अभ्यासकास दादोबा पांडुरंगही आठवावेत. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पुढे सुरतेस शिक्षक होते, आणि १८४४ साली तेथे निघालेल्या मानवधर्मसभेच्या स्थापनेत त्यांचा हात होता. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५६ मध्ये, एडिंबरोचा रॉबर्ट यंग नावाचा मुद्रक त्याच शहरी मिशनच्या छापखान्याचा व्यवस्थापक होऊन आला. १८६१ पर्यंत तो तेथे राहिला, गुजराती शिकला, आणि १८६२ साली त्याने बायबलचे अक्षरशः इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मूळ शब्दाशी इमान राखावयाचे म्हणजे काय, हा प्रश्न त्या ग्रंथाने फार रोखठोकपणे पुढे मांडला.

ग्रीकमध्ये पदाचे कारक प्रत्ययावरून कळते. म्हणून त्याचे स्थान भर दाखविण्यासाठी मोकळे राहते. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला मारले रामाने' यांतील भेद ज्या शिक्षकाने वर्गात समजावून दिला आहे, त्याला हे नवे नाही. इंग्रजीत मात्र नामांच्या जागा बदलल्या की मारणारा आणि मेलेला यांचीच अदलाबदल होते.

योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिलेच वाक्य पाहावे. त्याच्या शेवटच्या खंडात 'देव' हे विधेय प्रथम, मग क्रियापद, आणि 'शब्द' हे उद्देश्य शेवटी येते. दोन्ही नामे प्रथमेतच आहेत. उद्देश्य ओळखू येते ते त्याला लागलेल्या उपपदावरून. एवढा आग्रही यंग, पण येथे त्यालाही मूळचा क्रम सोडून 'शब्द' पुढे आणावा लागला. तसे न करता तर इंग्रजीत 'देव' हेच उद्देश्य ठरले असते. मराठीलाही उपपद नाही. 'तो शब्द' असे म्हणून वेळ निभावते, पण 'तो'मध्ये बोट दाखविल्याचा भाव येतो, तो मुळात नाही.

उलट, क्रम राखता येतो म्हणून राखावा, हेही खरे नव्हे. प्रभूच्या प्रार्थनेत 'पिता' आधी आणि 'आमचा' नंतर येतो. ग्रीकमध्ये ही नित्याची रचना. मराठीत तीच ठेवली की काव्याचा सूर लागतो. शुभवर्तमानांतील कथनात क्रियापद वारंवार वाक्यारंभी येते. त्यात हिब्रू-अरामी वळणाचा वाटा किती, याविषयी पंडितांत मतभेद आहेत; सत्तर पंडितांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र हिब्रूचा क्रम बहुधा जसाच्या तसा उतरला आहे. 'म्हणाला तो', 'गेला तो' असे मराठीत पानोपानी लिहिले, तर मुळात नसलेला भर पदोपदी उत्पन्न होईल. 'मिशनरी मराठी' म्हणून जिची आपण थट्टा करतो, तिच्या दोषांचे मूळ भाषेच्या अज्ञानाइतकेच या फसव्या इमानातही असावे, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. संस्कृतातील मुक्त पदक्रम लहानपणापासून अंगवळणी पडलेला असा दुसरा भाषांतरकार मिळणे कठीण. त्यांतले एकदोन अध्याय मुळाशी पदशः ताडून पाहण्याचे काम कोणा ग्रीक जाणणाऱ्या मराठी अध्यापकाने अवश्य हाती घ्यावे.