सूर्याबरोबर फिरणारे सौर पॅनेल : मोटर आणि सर्किट निवडताना

सोलापूर-वाडी लोहमार्गावरील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे दुधनी (ता. अक्कलकोट) साधारण १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या प्रारंभी सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरलाही तो क्षितिजापासून ४९ अंश उंची गाठतो. त्यामुळे या भागात घरच्या घरी ट्रॅकर बनविणाऱ्याने दोन अक्षांच्या फंदात पडू नये. उत्तर-दक्षिण असा एकच आडवा अक्ष ठेवून पॅनेल सकाळी पूर्वेकडे व सायंकाळी पश्चिमेकडे कलते केले म्हणजे पुरे. लातूरच्या महानंद डेअरीत २००६ च्या सुमारास उभारलेल्या 'अरुण' डिशची गोष्ट वेगळी. तेथे किरण एका ठिकाणी एकवटायचे असल्याने दोन्ही अक्षांवर अचूकता हवी. सपाट पॅनेलची दिशा ५ अंश चुकली तरी थेट उन्हातील अर्धा टक्कासुद्धा वाया जात नाही. १० अंशांना दीड टक्का जातो.

छतावर जागा मुबलक असेल तर ट्रॅकरच्या खर्चात आणखी एक पॅनेल घेणे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते. शेतपंपाला मात्र सकाळ-सायंकाळचे वाढीव तास महत्त्वाचे असतात.

मोटर निवडताना बहुतेकांचे लक्ष पॅनेलच्या वजनाकडे जाते. अक्ष पॅनेलच्या मध्यावर घेतला तर वजन तोलले जाते. खरा शत्रू वारा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात दोन चौरस मीटरच्या उभ्या पॅनेलवर शंभर किलोहून अधिक दाब येतो आणि वळवाच्या वादळात असे झोत अशक्य नसतात. म्हणून पहिला प्रश्न असा, की वीज बंद असताना मोटर जागची हलते का? केबलचालकांच्या मोठ्या डिश फिरविणारा, स्क्रूवर चालणारा लिनिअर अ‍ॅक्च्युएटर या कसोटीस उतरतो. तो बहुधा ३६ व्होल्टचा असतो. २४ व्होल्टवर हळू चालतो, पण येथे घाई कोणाला आहे? सूर्य तासाला १५ अंशच सरकतो. मोटारगाडीच्या वायपरची मोटर स्वस्त व दणकट असली तरी तिचा वेग फार, त्यामुळे आणखी गिअर लावावे लागतात. स्टेपर मोटरला जागेवर राहण्यासाठीही अखंड प्रवाह लागतो. स्क्रूच्या मोटरने ३६ वॅट घेतले व ती दिवसाकाठी सहा मिनिटे चालली, तर खर्च चार वॅट-तासांहूनही कमी.

सर्किटचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात उभ्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन एलडीआर बसवून 'एलएम ३५८' सारख्या चिपने त्यांच्या प्रकाशातील फरक पाहतात. थोड्या फरकाकडे दुर्लक्ष करण्याची सोय नसेल तर मोटर सतत मागे-पुढे करीत राहते. शिवाय पावसाळ्यात हे सर्किट ढगांच्या उजळ कडांमागे धावते, आणि रात्री पॅनेल पूर्वेस परत आणण्याची वेगळी व्यवस्था नसेल तर पहाटे ते पश्चिमेकडेच तोंड करून असते. दुसरा मार्ग घड्याळाचा : 'आर्डुइनो'ला 'डीएस ३२३१' ही घड्याळ-चिप जोडून दर १५ मिनिटांनी पॅनेल चार-एक अंश सरकवायचे. आमच्या मते हाच अधिक भरवशाचा. मात्र दुधनीची मध्यान्ह घड्याळातील बाराला होत नाही. ती सरासरी १२ वाजून २४ मिनिटांनी, तर ऋतूनुसार १२.०८ ते १२.३९ च्या दरम्यान होते. हा फरक प्रोग्रॅममध्ये धरावा.

मोटर उलट-सुलट फिरविण्यासाठी बाजारात 'एल २९८' सर्रास मिळते. ते प्रत्येक मार्गास दोन अँपिअरपर्यंतच झेपते. त्यापेक्षा मोठ्या मोटरला दोन रिले किंवा 'बीटीएस ७९६०' घ्यावे. दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेतच, आणि प्रत्येकास समांतर डायोड जोडावा. त्यामुळे टोक गाठल्यावर मोटर थांबते, पण उलट दिशेने निघू शकते. या स्विचांची चाचणी पॅनेल चढविण्यापूर्वी, मोकळ्या सांगाड्यावर घ्यावी.