मैलापूरच्या तीन वास्तू

चेन्नईच्या दक्षिण भागात, समुद्राच्या काठी, मैलापूर वसले आहे. आज ते त्या महानगरात सामावून गेले असले तरी वयाने त्याच्याहून कितीतरी वडील आहे. ईस्ट इंडिया कंपनीला १६३९ साली मद्रासची जागा मिळाली, तेव्हा मैलापूर हे प्राचीन बंदर म्हणून विख्यात होते. कंपनीच्या ताब्यात ते आले १७४९ मध्ये. अशा ह्या वडीलधाऱ्या गावाचा इतिहास त्याच्या तीन वास्तूंवरून चांगला उमगतो.

पहिली वास्तू कपालीश्वराचे मंदिर. तमिळ भाषेत ‘मयिल’ म्हणजे मोर. पार्वतीने मयूररूपाने पुन्नै वृक्षाखाली शिवाची आराधना केली, अशी स्थलकथा आहे. हा पुन्नै म्हणजे कोकणातली आपली उंडी. सातव्या शतकात संत ज्ञानसंबंधर यांनी ह्या देवस्थानाचे गुणगान केले. मूळ मंदिर सागरतीरी होते व सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते नष्ट झाले, असे मानतात. पुढे भाविकांनी ते किनाऱ्यापासून आत, नव्या जागी उभारले. पूर्वेकडील सुमारे १२० फूट उंचीचे गोपुर तर १९०६ सालचे आहे.

दुसरी वास्तू सान थोमचे चर्च. येशूचे शिष्य संत थॉमस यांची समाधी येथे असल्याची श्रद्धा आहे. पोर्तुगिजांनी बांधलेले जुने चर्च उतरवून १८९६ मध्ये आजची शुभ्र, उंच मनोऱ्याची इमारत पूर्ण झाली. जुन्या शिवमंदिराचे काही कोरीव शिलालेख ह्याच परिसरात सापडले. ज्या दगडांवर एका धर्माची दानपत्रे कोरली गेली, ते दुसऱ्या धर्माच्या अंगणात जतन झाले.

तिसरी वास्तू ह्या दोहोंपुढे अगदी साधी. परंतु मराठी माणसाचे पाऊल तिच्यापाशी थबकल्यावाचून राहत नाही. लझ भागातील त्या ग्रंथालयाला नाव आहे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. पुण्या-मुंबईचा हा पुरुष मैलापूरला इतका जवळचा कसा झाला?

ह्याचे उत्तर तंजावरच्या मराठी घराण्यांत आहे. त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या संस्थानांचे दिवाण सर टी. माधवराव यांचा देह १८९१ मध्ये मैलापुरातच पडला. त्यांचे चुलतबंधू दिवाण बहादुर रघुनाथराव हे विधवाविवाहाचे खंबीर पुरस्कर्ते. १८८४ च्या डिसेंबरात त्यांच्या मैलापूर येथील घरी १७ गृहस्थ जमले व राष्ट्रीय सभेची कल्पना तेथे चर्चिली गेली, असे ॲनी बेझंट यांनी नमूद केले आहे. पुढल्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १८८७ साली रानडे व रघुनाथराव यांनी मद्रासमध्ये सामाजिक परिषद सुरू केली. तिच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्ष माधवराव होते.

१९०१ मध्ये रानडे निवर्तले. त्यानंतर काही वर्षांतच व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने हे ग्रंथालय उभे राहिले. त्याच इमारतीतील सभागृह गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा वाहणाऱ्या श्रीनिवास शास्त्री यांच्या नावाने ओळखले जाते.

तमिळ मैलापुराने रानड्यांचे नाव असे आपल्या दारी कोरून ठेवले. माधवराव आणि रघुनाथराव यांचे स्मरण महाराष्ट्राने तितक्याच आस्थेने राखणे, ही त्या सौजन्याची योग्य परतफेड ठरेल.