अनुपस्थित प्रतिनायक : होम्स–मॉरिआर्टी संघर्षाचे एक वाचन

आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही कथा ‘स्ट्रँड मॅगझिन’च्या डिसेंबर १८९३च्या अंकात प्रसिद्ध झाली. १८८७ साली अवतरलेल्या शेरलॉक होम्सला संपवण्याचा विचार डॉइल यांनी १८९१ मध्येच आईला पत्राने कळवला होता; गणिताचा प्राध्यापक मॉरिआर्टी हा त्या विचाराची सोय म्हणून जन्माला आला. आधीच्या दोन कादंबऱ्या आणि तेवीस कथा यांत त्याचे नावही येत नाही. तिशीतल्या या सत्यान्वेषीला तुल्यबळ शत्रू मिळाला आणि रहस्यकथेला प्रतिनायकाचा साचा लाभला, असे नेहमी म्हटले जाते. मात्र हा संघर्ष संहितेत प्रत्यक्ष घडतच नाही.

बेकर स्ट्रीटवरील भेट होम्स वॉटसनला सांगतो. रायखेनबाख धबधब्यावरील झुंज वॉटसन खुणांवरून रचतो. खोट्या चिठ्ठीने त्याला मायरिंगेनला परत पाठवलेले असते. तो वर येतो तेव्हा होम्सची काठी, सिगारेटच्या डबीखालचे पत्र आणि कड्याकडे गेलेल्या, पण न परतलेल्या पावलांच्या दोन रांगा एवढेच उरते. त्यावरून तो दोघांचाही मृत्यू ठरवतो. निष्कर्ष होम्सच्याच पद्धतीने काढलेला आहे, आणि तो चुकीचा आहे! ‘द एम्प्टी हाउस’मध्ये (१९०३) परतलेला होम्स खुलासा करतो तो असा : बूट उलटे घालून परतता आले असते, पण एकाच दिशेच्या तीन रांगा दिसल्या असत्या, म्हणून तो कडा चढून गेला. खूण ही सत्याची निरागस साक्ष असते, या गृहीतावर सारी व्हिक्टोरियन हेरकथा उभी आहे. येथे खूण वाचणाराच तिची रचना करतो. अर्थात ही व्याख्या दहा वर्षांनी, प्रकाशनव्यवहाराच्या रेट्यातून आली, हे नाकारण्याचे कारण नाही.

नायक आणि प्रतिनायक यांतील अंतर तरी कितपत खरे? मॉरिआर्टी जाळ्याच्या मध्यभागी बसलेला कोळी आहे. परंतु त्याच वर्षीच्या जानेवारीत, ‘द कार्डबोर्ड बॉक्स’मध्ये, लंडनच्या लक्षावधी माणसांत आपले तंतू पसरून मध्यभागी पडून राहणारा म्हणून वॉटसन वर्णन करतो तो होम्सचेच. लोम्ब्रोसोच्या गुन्हेगारमीमांसेने (१८७६) गुन्हेगार हा आदिम अवस्थेकडे परतलेला जीव मानला होता. मॉरिआर्टीत आनुवंशिक दुष्प्रवृत्ती आहे, पण कपाळ मात्र विद्वानाचे, भव्य. इतकेच नव्हे, भेटीत तोच होम्सचे कपाळ अपेक्षेपेक्षा कमी विकसित असल्याचा शेरा मारतो. मोजणाराच मोजला जातो. गुन्ह्याचा उगम झोपडवस्तीत नव्हे, विद्यापीठात आहे, ही सूचना मध्यमवर्गीय वाचकाला अधिक अस्वस्थ करणारी असावी.

‘द व्हॅली ऑफ फिअर’ (१९१४–१५) ही कादंबरी कथाकालाने आधीची. तीत वॉटसनला मॉरिआर्टी चांगला ठाऊक आहे, १८९३च्या कथेत मात्र त्याने हे नाव कधीच ऐकलेले नसते. डॉइल यांनी ही विसंगती तशीच राहू दिली. आणि त्या कादंबरीतही प्राध्यापक रंगमंचावर येत नाही.