गोव्याची आर्थिक नाकेबंदी आणि कराचीचा व्यापार (1954-1961)

गोवा सोडण्यास पोर्तुगालने नकार दिल्यानंतर भारत सरकारने 1954 पासून तेथील व्यापार व प्रवासावर निर्बंध आणले. 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला; त्यानंतर सीमा बंद होऊन कॅसलरॉकमार्गे मुरगावकडे जाणारी रेल्वे वाहतूकही थांबली. तोपर्यंत धान्य व भाजीपाल्यासाठी गोवा मुख्यतः सीमेपलीकडील मुलखावर अवलंबून होता.

आर्थिक दडपणाने पोर्तुगीज सत्ता नमेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. तांदूळ व भाजीपाला पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, बटाटे नेदरलँड्समधून, तर सिमेंट जपानमधून येऊ लागले. 1955 मध्ये स्थापन झालेल्या पोर्तुगीज विमानसेवेने दाबोळी कराचीशी जोडले. काश्मीरच्या प्रश्नावर भारताशी वैर असलेल्या पाकिस्तानने गोव्याशी व्यापार करावा, यात नवल नाही. येथे पोर्तुगालविषयीच्या स्नेहापेक्षा भारतविरोधाचे गणित अधिक प्रभावी असावे. शिवाय पोर्तुगाल 1949 पासून नाटोचा सदस्य होता आणि निर्बंध एकट्या भारताचे होते. पाश्चात्त्य बाजार त्याला खुलेच राहिले.

या आयातीची किंमत भागवली ती लोहखनिजाने. डिचोली-सांगे भागातील खनिज मांडवी-जुवारीतून बार्जेसनी मुरगावला येऊन जपान व पश्चिम जर्मनीला जाई. नाकेबंदीच्या काळात ही निर्यात घटण्याऐवजी वाढली. झळ पोचली ती मुंबईतील गोमंतकीयांच्या गावाकडील कुटुंबांना व सीमेवरील लहान व्यापाऱ्यांना. उघडा व्यापार बंद पडताच सोने व घड्याळे चोरवाटांनी भारतात येऊ लागली. 1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हाही मुरगावची निर्यात चालूच होती.