दाद मागावी कोणाकडे?

दिवाळी सरली की आमच्या म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाचे वेध लागतात. यात्रेला साताऱ्याकडची मंडळी आली, की गप्पा हमखास छत्रपतींच्या गादीवर येतात, आणि मला प्रतापसिंह महाराज आठवतात. आज एखाद्या परक्याला देशाबाहेर काढायचे झाले, तरी पुष्कळ देशांत त्याला न्यायालयात दाद मागता येते. बायकामुलांची वाताहत होईल, हे गाऱ्हाणेही तेथे मांडता येते. मग स्वतःच्याच मुलखातून हद्दपार झालेल्या राजाची दाद कोणी घेतली?

महाराजांचा कारभार चोख होता. १८३५ साली कंपनीच्या संचालकांनी खूश होऊन त्यांना रत्नजडित तलवार देण्याचे ठरवले. ती त्यांच्या हाती पडलीच नाही. पुढच्याच वर्षी बालंट आले, की महाराज इंग्रजी फौजेतील सुभेदारांना फितवतात. मागाहून गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचेही आरोप जोडले गेले. चौकशी बंद दाराआड झाली. पुराव्याच्या नकला मागूनही मिळाल्या नाहीत.

१८३९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. गुन्हा कबूल करा, गादी राहील, असे त्यांचे सांगणे. एका सहीने घरदार वाचत होते. पण न केलेला गुन्हा कबूल करण्यास महाराजांनी साफ नकार दिला. सप्टेंबरात त्यांना पदच्युत करून कुटुंबासह काशीकडे रवाना केले. बरोबर निघालेले त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती यांनी तर वाटेतच देह ठेवला.

महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडले. अर्ज केले, पत्रके छापली, पार्लमेंटचे दार ठोठावले. जोसेफ ह्यूम यांच्यासारखे सभासद त्यांच्या बाजूने बोललेही. पण अपील होते हुकूम देणाऱ्यांच्याच धन्यांपुढे! ‘कोर्ट ऑफ डायरेक्टर्स’ हे नावाचेच कोर्ट. न्यायाशी त्याचा काय संबंध?

१८४७ साली महाराज काशीतच वारले. १८४८ साली राज्य खालसा झाले. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले, आणि १८५७ च्या धामधुमीत त्यांचे चिरंजीव सीताराम गेंडामाळावर फासावर गेले.

निकाल विरुद्ध गेला, तर माणूस एक वेळ सोसतो. आपले कोणी ऐकूनच घेतले नाही, हे मात्र त्याला सोसवत नाही. वाचकहो, मुलांना घेऊन साताऱ्याला गेलात, तर गेंडामाळावर ही हकीकत त्यांना जरूर सांगा.