हजार ल्युमेनचा पूर्वपक्ष

वादाचा आपला जुना रिवाज असा, की आधी समोरच्याचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे आणि मगच खोडायला घ्यायचे. तर पूर्वपक्ष असा: अंधारात दिसत नाही, कारण उजेड नसतो. टॉर्च उजेड देते. जी जास्त उजेड देईल ती चांगली. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, तेव्हा खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहावा आणि खिशाला परवडेल तेवढा मोठा घ्यावा. जास्त झाला तर कमी करता येतो. मुळात नसेल तर आणणार कुठून?

शेवटचा प्रश्न हे या पक्षाचे खरे बळ आहे. कळसूबाईच्या शिड्या रात्री चढणारी पोरे, पहाटे साडेचारला टेकडी गाठणारे पेन्शनर आणि रात्रीच्या लायटीवर दारं धरायला निघालेला शेतकरी, या तिघांचेही टॉर्चच्या बाबतीत याच एका मुद्द्यावर एकमत असते. तरीही माझे म्हणणे असे, की चालण्यासाठी घ्यायची छोटी टॉर्च तिच्या सर्वांत मंद उजेडावरून पारखावी. मोठा आकडा नंतर बघावा, किंवा न बघितला तरी चालेल.

आधी गरज मोजू. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आला की जमिनीवर साधारण पाव लक्स प्रकाश पडतो. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. वाट पायाखालची असेल तर एवढ्यात माणूस बिनघोर चालतो. आता ५० ल्युमेनची टॉर्च घ्या आणि तिचा प्रकाश पावलांपुढे चार मीटर व्यासाच्या गोलात पसरला असे धरा. क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर. म्हणजे चार लक्स, पौर्णिमेच्या सोळा पट. हिशेब ढोबळ आहे. प्रकाश तिरपा पडतो, सगळीकडे सारखा पसरत नाही. पण दगडगोट्यांची उतरण म्हणून दुप्पट-तिप्पट धरले तरी आपण दीडशेच्या आतच राहतो. उरलेले साडेआठशे ल्युमेन कशासाठी?

त्यात डोळा बेरजेने मोजत नाही. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या मोजणीप्रमाणे, अंधारातला उजेड दुप्पट वाटायला तो प्रत्यक्षात आठेक पट व्हावा लागतो. सव्वाशेची टॉर्च टाकून हजाराची घेतली तर पैसे आणि सेल आठ पटीने जळतात, डोळ्याला मात्र दुप्पटच वाटते.

आणि हजार ल्युमेन मिळतात तरी किती वेळ? आजच्या बहुतेक छोट्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलची क्षमता ३००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास. ३.६ व्होल्टने गुणा, ११ ते साडेबारा वॉट-तास होतात. पांढरा एलईडी व्यवहारात वॉटमागे शंभर-सव्वाशे ल्युमेन देतो, म्हणजे हजार ल्युमेनला आठ ते दहा वॉट. सेल तासा-दीड तासात रिकामा. प्रत्यक्षात तेवढा वेळही मिळत नाही, कारण या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि बोटभर अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला ती झेपत नाही. आतले सर्किट काही मिनिटांत उजेड उतरवते, आणि तसे न केले तर टॉर्च हातात धरवत नाही.

मग खोक्यावर ‘१००० ल्युमेन’ आणि शेजारी ‘४ तास’ कसे छापतात? नियमाला धरून छापतात, हीच तर गंमत. टॉर्च मोजण्याचे अमेरिकेत २००९ साली ठरलेले एफएल-वन नावाचे मानक आहे. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने ते दोन मिनिटांच्या आत. आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. तीन मिनिटे हजार आणि पुढचे पावणेचार तास दोनशे, असे वागणारी टॉर्चही या मोजमापात चोख ठरते. पल्ल्याची गोष्टही तशीच. ‘२०० मीटर’ म्हणजे जिथे पाव लक्स उरतो ते अंतर. म्हणजे दोनशे मीटरवर फक्त चांदणे पडते. तिथे काहीतरी आहे एवढे कळेल, काय आहे ते नाही. शिवाय पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते.

ही झाली नियम पाळणाऱ्यांची कथा. बाजारात जे ‘२००० ल्युमेन, १० तास’ म्हणून विकले जाते, त्याला वीस हजार ल्युमेन-तास लागतील, म्हणजे सुमारे १६० वॉट-तास. मघाचे तेरा-चौदा सेल. एवढे खिशात मावत असतील तर घ्यावी. ‘९९०० मिलिअँपिअर’ छापलेले १८६५० सेलही सर्रास मिळतात. या मापाच्या सेलमध्ये तेवढी क्षमता आजवर कोणालाही बसवता आलेली नाही.

न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिझेलला १८९९ साली हातात धरायच्या नळीच्या टॉर्चचे पेटंट मिळाले. तेव्हाचे कोरडे सेल इतके दुबळे आणि कार्बनच्या तारेचे बल्ब इतके खादाड, की ती क्षणभर लावायची आणि विझवायची. सव्वाशे वर्षांनी सर्वांत प्रखर उजेडाचे ‘टर्बो’ नावाचे बटण दाबून आपण तिथेच आलो आहोत.

आता पूर्वपक्षाच्या बळाकडे वळू: जास्त असेल तर कमी करता येतो. येतो ना, पण कसा? बाजारातल्या बऱ्याच टॉर्चचे बटण एकच. पहिल्या दाबाला पूर्ण उजेड, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला मंद, चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकवणारी उघडझाप. मंद हवा असेल तर आधी झगझगाट सोसायचा. डोळ्यातल्या अंधारात पाहणाऱ्या पेशींना पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तो सराव एका झोताने मोडतो. मग टॉर्चच्या गोलापलीकडचे सगळे काळेठिक्कर दिसते, म्हणून माणूस आणखी मोठा उजेड मागतो. मंद उजेडात चालणाऱ्याला गोलाबाहेरचीही झाडांची रेघ, उताराचा कल, पुढच्या वळणाचा फिकट पट्टा दिसत राहतो. वाट चुकत नाही ती बऱ्याचदा यामुळे. तेव्हा ‘कमी करता येतो’ हे उत्तर पुरत नाही. पहिल्या दाबाला मंद लागते का, हे विचारायला हवे.

उजेड किती यापेक्षा तो कुठून येतो हे महत्त्वाचे. सगळ्यात कमी बोलले जाते ते याबद्दल. खड्डा, दगड, मूळ आपल्याला दिसतात ते त्यांच्या सावलीमुळे. हेडटॉर्च डोळ्यांच्या दोन बोटे वर असते, त्यामुळे सावली नेमकी वस्तूमागे लपते आणि वाट सपाट वाटू लागते. शिडी चढताना, दोर धरताना हेडटॉर्चला पर्याय नाही. हात मोकळे हवेतच. पण साध्या वाटेवर तीच टॉर्च काढून कमरेपाशी धरून पाहा. प्रकाश जमिनीला घासून जातो, प्रत्येक खड्याला लांब सावली फुटते आणि पाऊल कुठे टाकायचे ते आपोआप कळते. चाळीस ल्युमेन कमरेवरून जे दाखवतात, ते चारशे ल्युमेन कपाळावरून दाखवत नाहीत. पावसाळ्यात हा फरक आणखी वाढतो. हरिश्चंद्रगडावर ढग उतरले की कपाळावरच्या प्रखर झोतापुढे पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याच्या थेंबांवरून उलटलेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो. उजेड वाढवला की भिंतच दाट होते. इथे टॉर्च खाली धरणे आणि मंद करणे हा एकच इलाज.

याला मोठा आक्षेप येतो तो जुन्नर-आंबेगावकडून: “उसाच्या कडेला बिबट्या बसलेला असतो, तिथे तुमचे चाळीस ल्युमेन काय कामाचे?” आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने रात्रीही येते. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तरी रात्री पाण्यावर जाणारे पाय अजून थांबलेले नाहीत. पण बिबट्या दिसतो कसा ते पाहू. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो आणि तो प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो. म्हणून डोळे चमकतात. पण ते दिसायला आपला डोळा प्रकाशाच्या वाटेत हवा. छोटी टॉर्च कानशिलाशी धरून उसाच्या कडेने फिरवली, तर पुष्कळ अंतरावरूनही ते दोन ठिपके उजळतात. मोठी टॉर्च कमरेवर धरली तर चमक हुकू शकते. एवढे करूनही दोघा-तिघांनी मिळून जाणे, मोठ्याने बोलत जाणे हे हजार ल्युमेनपेक्षा कामाचे, हे तिथले लोक मला शिकवतील. लांबवर माणूस किंवा जनावर शोधायचे असेल तर लांब झोताची टॉर्च हवीच. ते शोधाचे काम, चालण्याचे नव्हे.

शिवाय खरा धोका लांब नसतो, पायापाशी असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मण्यार रात्रीच फिरते, घोणसही अंधार पडल्यावर हलते. सापाचे डोळे बिबट्यासारखे चमकत नाहीत. तो दिसतो तो फक्त त्याच्या रंगावरून, नक्षीवरून, आकारावरून, आणि पुढच्या दोन-तीन मीटरमध्ये. त्यासाठी झोत रुंद हवा आणि रंग खरे दिसायला हवेत. स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा प्रकाश दुकानात प्रखर वाटतो, पण त्यात लाल-तपकिरी छटा उणावतात. कोकणातल्या सड्यावर जांभ्याच्या तुकड्यांत बसलेले फुरसे मुळातच मातीच्या रंगाचे. अशा प्रकाशात ते आणि दगड एकच. किंचित पिवळसर, रंग नीट दाखवणारा एलईडी कागदावर दहा-वीस टक्के ल्युमेन कमी देतो. ते खुशाल गमवावेत.

“मोबाईल आहेच की,” असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. त्याला मी उजेडावरून बोल लावणार नाही. मोबाईलचा उजेड चालायला बहुधा पुरतो, आणि हा माझ्याच बाजूचा पुरावा. पण तो गुळगुळीत फरशीसारखा तुकडा धरून उतरायचे, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि घसरलात तर टॉर्च, नकाशा आणि मदतीचा फोन एकाच दगडावर फुटतात.

राहता राहिला टिकाऊपणा. टॉर्च मोडते ती एलईडीपाशी जवळजवळ कधीच नाही. बटण जाते, स्प्रिंग गंजते, चार्जिंगच्या भोकाचे रबरी झाकण सैल होऊन पाणी शिरते. पुढचे भिंग मागेपुढे सरकवून झोत बारीक करायच्या टॉर्च याच कारणाने पावसात लवकर हरतात. सरकणारा जोड घट्ट राहत नाही. आयपीएक्स-७ लिहिलेले असेल तर ती मीटरभर पाण्यात अर्धा तास तगायला हवी. आपल्या पावसाला एवढे पुरे. घराघरांत दिसणारी, पाठीमागून दोन पिनांचा प्लग बाहेर सरकणारी प्लास्टिकची टॉर्च टिकत नाही यात तिचा फारसा दोष नसतो: आत बहुधा शिशाची छोटी बॅटरी असते, ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने कपाटात पडली की तिच्या पट्ट्यांवर क्षार जमून ती मरते, आणि सेल बदलायची सोय नसल्यामुळे सगळी टॉर्च भंगारात जाते.

म्हणून सेल काढता येणारीच घ्यावी. सेल कुठला, यावर हौशी लोक तासन्‌तास भांडतात. माझे मत पेन्सिल सेलला. त्यात १८६५० च्या पाव हिश्शाहूनही कमी ऊर्जा मावते हे खरे, पण पन्नास ल्युमेनला ती चार-पाच तास पुरते, खिशात दोन जादा ठेवता येतात, आणि संपले तर कुठल्याही टपरीवर मिळतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे घेतले तर ते सहसा पाझरतही नाहीत. साधे अल्कलाइन सेल विसरून राहिले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड ओघळून स्प्रिंग खाऊन टाकतात. रोज रात्रभर शेतात असणाऱ्याने मात्र १८६५० घ्यावा, माझे ऐकू नये.

“पूर्वीच्या पितळी बॅटऱ्या कशा दणकट होत्या” म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. नळी दणकट होती, बल्ब नव्हता. आतली तार पडझडीत तुटायची, आणि वॉटमागे दहा-पंधरा ल्युमेन देऊन ती मोठ्या सेलांची तिकडीसुद्धा चाटून पुसून खायची.

मग एवढे असून मोठ्या आकड्याच्याच टॉर्च का खपतात? कारण परीक्षा ट्यूबलाइटखाली होते. दुकानदार झोत समोरच्या भिंतीवर मारतो, गिऱ्हाईक “वा” म्हणते, आणि ट्यूबच्या उजेडात प्रखरपणाखेरीज दुसरा कुठलाही गुण डोळ्याला दिसत नाही. त्याला टॉर्च काउंटरखालच्या अंधारात न्यायला सांगावे, सगळ्यात मंद करायला सांगावे, आणि त्या उजेडात आपल्या तळहाताच्या रेषा आणि हाताचा खरा रंग दिसतो का ते पाहावे. मग विझवून पुन्हा लावायची. पहिल्याच दाबाला डोळे दिपले तर ठेवून द्यायची. शेवटी सेल काढून मागे लिहिलेले वाचायचे. एवढ्यात दुकानदार वैतागतो. वैतागू द्यावा.