जुनाट त्वचाव्रण : संकेतांकन व नोंद

आठवडेच्या आठवडे उघडी राहणारी, भरून न येणारी त्वचेची जखम म्हणजे जुनाट व्रण. रुग्णाच्या कागदपत्रांतील त्याच्या वर्णनाला ठराविक अक्षर-अंकांचे चिन्ह देणे म्हणजे संकेतांकन. व्यवहारात सगळे ‘कोडिंग’च म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून ‘आयसीडी-१०-सीएम’ हे वर्गीकरण वापरले जाते. तेथील रुग्णालयांचे पुष्कळसे कोडिंग पुणे, हैदराबाद, चेन्नई येथील कार्यालयांत होते. कोडरला जखम कधीच दिसत नाही. त्याच्यापुढे असतो तो फक्त डॉक्टरांचा व परिचारिकांचा मजकूर.

पहिला प्रश्न कारणाचा. सतत दाब पडून झालेला व्रण ‘एल८९’ गटात जातो, पायावरचे इतर जुनाट व्रण ‘एल९७’मध्ये. मात्र एल९७च्या आधी बहुधा मूळ रोग लिहावा लागतो : मधुमेह, व्हेरिकोज व्हेन्स, रोहिणीकाठिण्य इत्यादी. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात डाव्या टाचेवर चरबीपर्यंत खोल व्रण असेल, तर आधी ई११.६२१ आणि मग एल९७.४२२. या दुसऱ्या संकेतांकात ४ म्हणजे टाच व पायाचा मधला भाग, पुढचा २ म्हणजे डावी बाजू, शेवटचा २ म्हणजे चरबीचा थर उघडा. ‘पायावर जखम, ड्रेसिंग केले’ एवढ्या नोंदीतून यातले काहीच हाती लागत नाही.

मधुमेह आणि पायाचा व्रण दोन्ही नोंदलेले असले, की डॉक्टरांनी नाकारले नसल्यास त्यांचा संबंध गृहीत धरला जातो. ही सोय फसवी ठरू शकते. अंथरुणाला खिळलेल्या मधुमेही रुग्णाच्या टाचेवरचा व्रण दाबामुळे झालेला असू शकतो. नोंद संदिग्ध असेल तर कोडरने डॉक्टरांना विचारायचे असते, तेही उत्तर सुचवणार नाही अशा शब्दांत. निदान डॉक्टरांचेच लागते. खोली किंवा टप्पा मात्र परिचारिकेच्या नोंदीतून घेता येतो.

दाबव्रणाचे खोलीनुसार चार टप्पे मानले जातात. तळ मृत ऊतकाने किंवा काळ्या खपलीने झाकला असेल, तर खोली कळत नाही. असा व्रण ‘टप्पा ठरवता न येणारा’. टप्पा लिहायचाच राहून गेला, तर संकेतांक वेगळा. एकात जखमेची अवस्था कळते, दुसऱ्यात लिहिणाऱ्याची हयगय, आणि प्रत्यक्षात या दोहोंची वरचेवर गल्लत होते. चौथ्या टप्प्याचा व्रण भरत आला म्हणून तो तिसऱ्याचा होत नाही : खाली नवा स्नायू आलेला नसतो, व्रणवस्तू आलेली असते. पूर्ण बरा झालेला असेल तर दाबव्रणाचा संकेतांक देत नाहीत.

दाखल होतेवेळी व्रण होता की नव्हता, हेही नोंदवावे लागते. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर (अमेरिकी सरकारची आरोग्यविमा योजना) रुग्णालयातच झालेल्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या दाबव्रणासाठी रुग्णालयाला जादा रक्कम देत नाही. त्यामुळे भरतीच्या वेळीच रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाड, नितंब व टाचा तपासणे आणि दिसेल ते जागा, लांबी, रुंदी, खोली यांसह लिहून ठेवणे तेथील वॉर्डांत नित्याचे झाले.